नाताळची नानकटाई, मुक्काम पोस्ट कडा

मु. पो. कडा, ता. आष्टी
२८ नोव्हेंबर

वर्षा बाळा, सलाम.

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र बाजूला ठेवावंसं वाटलं तर ठेव. सवडीनं वाच. घाईचं यात काहीच नाही.

फोन करता आला असता म्हणशील. पण माझे कान गेल्या वर्षापासून पार उतरलेत. समोर बसून कुणी मोठ्यानं बोललं तर ओठांकडे बघून अंदाजानं निभावते. फोनवर मात्र नुसती मधमाशी अडकल्यासारखी वाटते. पोस्टात पाकीट मागितलं तर तिथला पोरगा हसला, "आता कोण पत्र लिहितं, आजी?" म्हटलं, बहिरी माणसं लिहितात. तुझा घरचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून चौसाळ्याच्या दवाखान्याचा टाकतेय.

कारण म्हणशील तर सीताफळं. काल बाजारात डोंगरातली शेवटची सीताफळं आली होती. बारकी, सालीवर काळी पडलेली, पण आत साखर. घेतली आणि वडी करायला बसले. खवा नि साखर आटवून पातेलं खाली उतरवलं, आणि गर घालायच्या आधी हात आपोआप थांबला. म्हटलं, आता वर्षा असती तर ओरडले असते, "थांब! निवू दे आधी!"

आठवतं का तुला? लग्नानंतरचा तुझा या घरातला पहिला नाताळ. दवाखान्यातून दमून आलीस आणि मला मदत म्हणून सगळा गर चुलीवरच्या पातेल्यात ओतलास. सीताफळाला विस्तव चालत नाही, कडू होतं, हे तुला कुणी सांगितलंच नव्हतं. ताटभर वड्या, दिसायला अशा देखण्या, आणि जिभेवर ठेवली की कडूजहर. तू रडायच्या बेतात. लखननं एक खाल्ली, दुसरी खाल्ली, म्हणाला, "आई, लई भारी जमल्यात. कुणाला देऊ नको." आणि हे, तुझे पप्पा, गंभीर तोंड करून म्हणाले, "नर्सबाईच्या हातचं हाय. सकाळ-संध्याकाळ एक-एक घ्यायची, जेवणानंतर." तेव्हापासून तू या घरात नर्सबाई. लखननं ते अख्खं ताट नव्या वर्षापर्यंत संपवलं बघ. एक वडी टाकू दिली नाही.

आता पुढच्या आठवड्यात ज्वारी दळून आणायची. नानकटाईला अर्धा मैदा, अर्धं शाळूचं पीठ, तुला माहीतच आहे. या वर्षी परातीत तूप मीच फेसणार आहे. पप्पांना हल्ली वेळ नसतो.

ते बरे आहेत. बोलतात कमी. चहा बशीतून पितात, थोडा सांडतो, पण वय झालं की सांडायचाच. खाटेची दिशा बदलली मी. आता पाण्याचा तांब्या उजव्या हाताला येतो, तेवढं त्यांना सोपं पडतं.

सलोमी तिसरीत गेली असेल. पुढचे दात आले का तिचे? सोमेश्वररावांना नमस्कार लिहावा की न लिहावा ते कळेना. लिहिते. नमस्कार.

वडीचे चार तुकडे पाठवावेत असं मनात होतं, पण पाकिटात तूप सुटेल.

तुझी मम्मी
वनमाला


कडा
८ डिसेंबर

वर्षा बाळा, सलाम.

दोन वर्षांनी तुझं पत्र आलं आणि त्यात पाच ओळी. त्यातल्या चार पप्पांबद्दल. "डावी बाजू गेली आहे का? तोंड वाकडं झालंय का? गोळ्या कोणत्या चालू आहेत? खरं लिहा." मी तुला वडी लिहिली आणि तू त्यातून रोग काढलास! डावखुऱ्या माणसाच्या उजवीकडे तांब्या ठेवला, एवढंच तर लिहिलं होतं.

बरं, लिहिते. ऑगस्टात झालं. सकाळी अंगणात सायकलला हवा भरत होते. पंप मारता मारता खाली बसले, मला वाटलं दम खातायत. जवळ गेले तर ओठाचा एक कोपरा खाली आलेला. इलियासभाईंच्या शहेबाजनं बेकरीची गाडी काढली, पावाच्या पाट्या रस्त्यावर उतरवून ठेवल्या आणि यांना त्यात निजवून नगरला नेलं. दवाखान्यातून सुटून आले तेव्हा अंगाला टोस्टचा वास येत होता, असं माझं मीच ठरवून घेतलंय.

आता काठी घेऊन दारापर्यंत चालतात. डावा हात मांडीवर पडून असतो. गोळ्या वेळेवर देते, नावं मागच्या बाजूला लिहिलीत, बघून घे. झालं. हेच आणि एवढंच.

आता जरा चांगलं लिहू दे मला.

परवा इलियासभाईंच्या भट्टीवर जाऊन नंबर लावून आले. चोवीस तारखेला दुपारी. आपल्या देवळाच्या गल्लीतल्या सगळ्या बायकांचा त्याच दिवशी नंबर. सकाळचा पाव निघाला की भट्टी हळूहळू उतरायला लागते. पावाला लागतो तो जाळ नानकटाईला चालत नाही, करपते. ती उतरती आच धरायची. तू लाल ओढणी डोक्याला बांधून पत्र्यावर गोळे मांडायचीस, आणि इलियासभाईंची आमिनाबी दर वेळी म्हणायची, "वर्षा, लांब लांब ठेव, फुलत्यात त्या." तू ऐकायची नाहीस आणि सगळ्या एकमेकींना चिकटून यायच्या. मग लखन त्या जोडलेल्या नानकटाया वेगळ्या काढून म्हणायचा, ह्या नवराबायको, ह्या सासूसुना.

आणि पप्पा आदल्या दिवशीच परात घेऊन अंगणात बसलेले असायचे. कारखान्यात फिटर म्हणून जन्म गेला त्यांचा, हाताला लोखंडाची सवय. पण तुपात हात घातला की कसा हलका व्हायचा तो! तळहातानं रगडत रगडत तूपसाखर पांढरीशुभ्र करायचे, दुधावरच्या फेसासारखी. मग सलोमीला पाण्याची वाटी आणायला सांगायचे. त्यात एक ठिपका सोडायचे. ठिपका तरंगला की सलोमी टाळ्या वाजवायची. बुडाला की परत रगडणं सुरू. मी म्हणायची, पुरे की आता. ते म्हणायचे, "तुला काय कळतंय? नानकटाई तोंडात गेल्यावर चावायला लागली तर ती नानकटाई न्हाई, बिस्कुट हाय."

तुझ्या पत्राची शेवटची ओळ मी बघितली नाही असं समजू नकोस. "नाताळाला येऊ का?"

यंदा नको, बाळा. घराला रंग काढलाय. सामान सगळं अंगणात पडलंय, बसायला जागा नाही. पुढच्या वर्षी बघू.

मम्मी


कडा
१५ डिसेंबर

वर्षा,

काल दुपारी आमिनाबी भट्टीवरून तशीच आली, हाताला पीठ, कपाळाला पीठ. काही न बोलता तिनं मोबाईल माझ्या डोळ्यांपुढे धरला. तुझा मेसेज. "आमिनाभाबी, मम्मी लिहितात घराला रंग काढलाय, यंदा येऊ नको. त्यांना एकदाच विचारा. मी खरंच नको आहे का त्यांना? नको असेन तर परत कधी विचारणार नाही."

मी वाचलं. तिनं माझ्या घराच्या भिंतींकडे बघितलं. भिंतींना रंग कुठला? मागच्या पावसातले ओघळसुद्धा तसेच आहेत. ती माझ्या कानाशी आली आणि ओरडलीच, "भाबी, कावून खोटं लिवता? पोरगी हाय ती तुमची."

ती गेल्यावर खूप वेळ चुलीपाशी बसून राहिले. आता लिहायला बसलेय. हे पत्र संपल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवलंय, नाहीतर परत रंग काढेन कशाला तरी.

आजारानं त्यांचा हात गेला, पाय थोडा गेला, हे तुला लिहिलं. वाचा गेली हे लिहिलं नाही. पार गेली असती तरी लिहिलं असतं. पण एक शब्द राहिलाय.

नगरचे डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. आत सगळं समजत असतं, म्हणायचंही खूप असतं, पण तोंडाला एखादाच शब्द सापडतो आणि दर वेळी तोच बाहेर येतो. कुणाला देवाचं नाव राहतं, कुणाला शिवी राहते. यांना "जा" राहिलं.

पाणी हवं असलं तरी "जा". पोट भरलं तरी "जा". झोप झाली का विचारलं की "जा". आपले पाळकसाहेब प्रार्थनेला आले होते, त्यांनी आमेन म्हटल्यावर यांनाही आमेन म्हणायचं होतं. म्हणाले, "जा." पाळकसाहेब बिचारे पवित्र शास्त्र काखोटीला मारून उठले. मी त्यांना फाटकापर्यंत पळत जाऊन परत आणलं, चहा पाजला. तेव्हा हसू आलं होतं. तुझ्या बाबतीत मला हसू येईना.

दोन वर्षांपूर्वीच्या नाताळाचा आदला दिवस. लखन गेल्यावर सोमेश्वररावांशी तुझं लग्न झालं, त्याला पाच-सहा महिने झाले होते. मी त्या लग्नाला आले, हे आले नाहीत. मला म्हणाले होते, "लखनचं कपाट अजून रिकामं केलं न्हाई आपण, आणि तिनं घर मांडलं." मी म्हटलं, तिचं वय काय, पोर केवढीशी, आपण किती दिवस पुरणार? आणि नाताळाच्या आदल्या दिवशी तू लाडवांचा डबा घेऊन आलीस, सलोमीला नवा फ्रॉक घालून. मी देवळात झाडझूड करायला गेलते. पुढचं मला शेजारच्या भिवराबाईनं सांगितलं, ती ओट्यावर गहू पाखडत होती. पप्पा दारात आले. तुझ्याकडे बघितलं, पोरीकडे बघितलं, आणि एकच शब्द बोलले. तोच. मी येऊन पोचले तोवर तुमची एस.टी. गेली होती.

आता कळलं का, रंग कशाचा काढला मी?

तू येशील, दारात उभी राहशील, आणि ते तुझ्याकडे बघून तेच म्हणतील. दुसरं त्यांच्याजवळ नाहीच. मला ऐकू येत नाही म्हणून मी त्यांचं तोंड बघते, आणि तोंड बघितलं की कळतं काय म्हणायचंय ते. तुला मात्र ऐकू येईल. आणि सलोमी? ती तेव्हा सहा वर्षांची होती. तिला तेवढंच आठवत असेल आजोबांचं.

एक गोष्ट अजून सांगते. गेल्या नाताळाला, म्हणजे धडधाकट होते तेव्हा, त्यांनी नेहमीपेक्षा जास्त नानकटाई करवून घेतली. एक डबा वेगळा बांधला. मला म्हणाले, जरा स्टँडवर जाऊन येतो. डबा सायकलला लावून गेले. दुपार कलल्यावर तोच डबा घेऊन परत आले. विचारलं तर म्हणाले, "चौसाळ्याची एस.टी. चुकली." दुसरी नव्हती का, असं मी विचारलं नाही. पुढच्या आठवडाभर आम्ही दोघं तो डबा चहाबरोबर खात होतो.

आता तूच ठरव. मी ये म्हणत नाही, नको येऊस असंही म्हणत नाही. मी नको आहे का, असं मात्र परत कुणाला विचारू नकोस.

मम्मी


कडा
२९ डिसेंबर

वर्षा बाळा, सलाम.

तुम्ही सुखरूप पोचल्याचं आमिनाबीनं सांगितलं. तुम्ही होतात तेव्हा घरात एवढी गडबड, की निवांत असं काही बोलणं झालं नाही. आणि काही गोष्टी मला तोंडावर बोलता येतही नाहीत. लिहिताना बऱ्या जमतात.

चोवीस तारखेला मी भट्टीवर होते. माझं पीठ पत्र्यावर मांडलं तेव्हाच इलियासभाईंनी मान हलवली. लाकडी फळीवरून पत्रा आत सरकवत म्हणाले, "भाबी, याला मालकाचा हात लागला न्हाई." ते काय मला माहीत नव्हतं? तूप माझ्याच्यानं नीट फेसलंच नव्हतं, दंड भरून आले होते. तेवढ्यात आमिनाबीनं मला दंडाला धरून वळवलं आणि रस्त्याकडे बोट केलं. पांढरी गाडी आपल्या गल्लीत वळत होती. तिचे ओठ मी वाचले: तुमची सून.

मी पळाले. या वयात, चपला भट्टीवरच टाकून. वाटेत केसरबाई नंबराला निघालेली, डोक्यावर पिठाचा डबा, काहीतरी विचारत होती, तिला ओलांडून गेले. मनात एकच, मी पोचायच्या आत त्यांनी तोंड उघडू नये.

उशीर झालाच. मी दारात पोचले तेव्हा तू त्यांच्या पुढ्यात उभी होतीस आणि सलोमी तुझ्या पाठीमागं. तुला वाटलं असेल मी नंतर आले. मी तिथंच होते, चौकट धरून. त्यांचं तोंड उघडलं आणि मला ओठ दिसले. जा. परत तेच. परत. डोळ्यांतून पाणी चाललेलं आणि तोंडातून तेवढंच येतंय. आणि जितकं येतंय तितके घाबरे होतायत, कारण आपण काय बोलतोय ते त्यांना स्वतःला ऐकू येत होतं. उजव्या हातानं तोंड दाबून धरलं त्यांनी. माझं लग्न झाल्यापासून मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. लखनच्या वेळीसुद्धा नाही.

मी मध्ये पडणार, तेवढ्यात तू खाली बसलीस. त्यांचा डावा हात उचलून मांडीवर घेतलास, नाडी बघितलीस, मुडपलेली बोटं एकेक करून सरळ केलीस. आणि मला दारापर्यंत ऐकू येईल अशा आवाजात म्हणालीस, "हां पप्पा, जाते ना. सत्तावीसला जाते. तवर नर्सबाईला खायला काय हाय का न्हाई घरात?"

तुला तेव्हा त्यांचं तोंड नीट दिसलं नसेल, तू बोटांकडे बघत होतीस. मी बघितलं. ते हसले. वाकडं तोंड अजून वाकडं झालं आणि लाळ गळली आणि ते हसत होते.

मग सलोमी पुढं आली. मला वाटलं भ्यायली असेल. ती म्हणे, "आजोबा सगळ्यांना जा म्हणतात का?" तू म्हणालीस, हो. "म्हणजे ते सलाम म्हणतायत," तिनं परस्पर ठरवून टाकलं, आणि त्यांच्या पुढं उभं राहून मोठ्यानं म्हणाली, "जा, आजोबा!" यांनीही म्हटलं. ती परत म्हणाली, यांनी परत म्हटलं. तेवढ्यात मला बाहेर जावं लागलं, डोळे पुसायला.

बाहेर सोमेश्वरराव गाडीला टेकून उभे होते. मी म्हटलं, आत चला. ते मान खाली घालून काहीतरी पुटपुटले, मला कळेना. दोनदा विचारलं तेव्हा मोठ्यानं म्हणाले, "मी हितंच बरा हाय, आई. त्यांना कावून तरास?" ते उघड्या दारातून पप्पांना दिसत होते. पप्पांनी काठी उचलली, त्यांच्याकडे रोखली आणि तोंडानं तोच शब्द. मी बघितलं, सोमेश्वररावांचा चेहरा पडला. ते गाडीत बसायला वळलेसुद्धा. तेव्हा सलोमीच ओरडत आली, "अहो, ते या म्हणतायत!"

कसे काय आले आत, कुणास ठाऊक. चपला काढून उंबऱ्यापाशी थांबले. आणि मग तू बघितलंस ते सगळ्यांनीच बघितलं. पप्पांनी काठी खाली ठेवली, उजवा हात खाटेवर टेकला आणि सरकायला लागले. बसल्या जागी सरकायलासुद्धा माझा खांदा लागतो त्यांना, माहितेय ना? तू मदतीला उठलीस तर तुझ्याकडे डोळे वटारले. एकटे सरकत राहिले, जरा जरा, धापा टाकत, आणि शेजारी माणूस बसेल एवढी जागा केली. मग त्या जागेवर हात आपटला.

सोमेश्वरराव बसले. दोघंही समोर भिंतीकडे बघत बसून राहिले, एस.टी.त शेजारी अनोळखी माणूस आल्यासारखे.

आता तुला माहीत नसलेली गोष्ट. पंचवीसला सकाळी तू, मी, सलोमी देवळात गेलो. उपासना संपल्यावर वाटायचा नानकटाईचा डबा मी घरी विसरले होते म्हणून मधूनच परत आले. बघते तर अंगणात पप्पा खुर्चीवर, गळ्यात टॉवेल, तोंडाला साबणाचा फेस, आणि सोमेश्वरराव त्यांची दाढी करतायत. डाव्या गालाला ताण राहिलेला नाही ना, वस्तरा अडकतो. माझ्याकडून दोनदा रक्त निघालं तेव्हापासून ते मला दाढीला हात लावू देत नव्हते. तू आलीस तेव्हा ती सगळी पांढरी दाढी त्यामुळंच वाढलेली होती. सोमेश्वरराव दोन बोटांनी गाल ताणून धरत होते आणि काहीतरी बोलतही होते. काय ते मला कळलं नाही. पप्पा मात्र ऐकत होते. मला बघितल्यावर सोमेश्वररावांनी ओठावर बोट ठेवलं. कुणाला सांगू नका म्हणून. देवळातून आल्यावर तू म्हणालीस, "पप्पा, कसे चकचकीत दिसताय! मम्मींनी केली का?" आणि मी हो म्हणाले. ती मी नव्हती केली.

नानकटाईचं काय बोलायचं. डबा उघडला तर निम्म्या मोडलेल्या, उरलेल्यांना चिरा. शाळूचं पीठ जास्त झालं, तूप कमी मुरलं. तरी तुझ्या पोरीनं भुगा चमच्यानं खाल्ला. ती चमचा भरून तोंडात कोंबत होती तेव्हा तिचा एक डोळा बारीक झाला. अगदी लखनसारखा, काही आवडलं की व्हायचा तसा. तू बघितलंस, मी बघितलं. दोघीही परत चहाकडे वळलो.

सोमेश्वररावांना नमस्कार. या वेळी न अडखळता लिहिलाय.

मम्मी


कडा
१० जानेवारी

वर्षा बाळा, सलाम.

पप्पांच्या डाव्या हाताला धरायला तू सांगितलेला मऊ चेंडू कड्यात मिळाला नाही. आष्टीला सांगून बघितलं, तिथून क्रिकेटचा आला. तो त्यांच्या हातात बसेना, घरंगळून खाटेखाली जायचा आणि मी वाकून वाकून काढायची. शेवटी वैतागून मी नानकटाईचं पीठ थोडं भिजवलं आणि त्याचा गोळा डाव्या हातात दिला. म्हटलं, हा तरी धरा.

त्यांनी आधी वास घेतला. मग उजव्या हातानं चिमूट तोडून तोंडात टाकली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "जा." इतकं स्पष्ट मला कधीच कळलं नव्हतं: तूप कमी पडलंय. दुसऱ्या दिवशी त्यांनी परात मागितली. कशी मागितली विचारू नकोस, अर्धा तास गेला त्यात, मी तवा दाखवला, पातेलं दाखवलं, सूपसुद्धा दाखवलं. परात पुढ्यात आल्यावर उजव्या हातानं तूपसाखर रगडत बसले. एका हातानं परात फिरते, म्हणून मी समोर बसून दोन्ही हातांनी धरून ठेवली. आमची आता रोजची सकाळ तीच. पाळकसाहेब परवा आले तर म्हणाले, नाताळ होऊन गेला की हो! म्हटलं, होऊ द्या.

रोजचं पीठ वाया कुठं घालवणार? भिवराबाईच्या नातवंडांची चंगळ झालीय. मी तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर भाजते. भट्टीची सर नाही, खालून लाल होतात आणि वरून पांढऱ्या राहतात, पण चावाव्या लागत नाहीत. हे मी त्यांना मुद्दाम सांगितलं.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहितेय ते. काल दुपारी ते असेच गोळा धरून बसले होते, मी समोर हरभऱ्याची भाजी खुडत होते. बघते तर त्यांचं तोंड लाल झालेलं, मानेच्या शिरा वर आलेल्या. मी घाबरले, वाटलं परत काही झालं. उठून जवळ गेले. ते डाव्या हाताकडे बघत होते. मीही बघितलं. अंगठा हलला, वर्षा. पहिल्यांदा मला वाटलं माझेच डोळे. मग परत हलला, आणि गोळ्यात रुतला. जरासाच, तांदळाच्या दाण्याएवढा खड्डा पडला असेल. पण पडला. त्यांनी तो गोळा उजव्या हातानं अलगद काढून घेतला आणि मला दाखवला, आणि मग दाराकडे हात केला, रस्त्याकडे, स्टँडच्या दिशेला. दोनतीनदा. तोंडानं काहीच बोलले नाहीत.

तो गोळा मी भाजला नाही. वाटीखाली झाकून फळीवर ठेवलाय, तुला आणि सलोमीला दाखवायला. सोमेश्वररावांनाही आण, दाढी परत वाढलीय.

तर ये. आणि लवकर ये, बाळा, घरात उंदीर झालेत.

तुझी
मम्मी